शंका म्हणजे फुली

आमच्या जावयाने त्या दवाखान्याला एक मशीन विकलं होतं. एवढ्याशा भांडवलावर तो आठवडाभर मेंदूचा डॉक्टर होऊन हिंडला. अर्ध्या हळकुंडाने पिवळी होणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण हा तर हळकुंडाचं नुसतं चित्र बघून पिवळा झालेला. आणि मी, जिने जन्मात कुणाच्या बापाचं ऐकलं नाही, ती त्याचं ऐकून बसले. हे आधीच सांगून टाकते. शेवटी कुणाला मला हसायचंच असेल तर त्याला ताटकळत ठेवायला नको.

माझी हॅचरी आहे, म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढायचा कारखाना. नवरा गेला तेव्हा एक खटारा मशीन होतं आणि दिरांचे सल्ले होते. मशीन मी ठेवून घेतलं. आता सहा आहेत. शाळेत चौथीपर्यंत गेले, तीही रडतखडत. पण अंडं कसं बघावं हे मला कुणी शिकवू नये. अंधाऱ्या खोलीत पत्र्याची पेटी असते, पेटीत दिवा, आणि पेटीला अंड्याच्या बुडाएवढं भोक. सातव्या दिवशी अंडं त्या भोकावर धरायचं. आत तांबड्या दोऱ्यांचं जाळं दिसलं आणि मधला ठिपका हलला, की पिल्लू आहे. नुसतंच निवळ पिवळं दिसलं तर पोकळ. आत रक्ताचं कडं दिसलं तर मेलेलं. पोकळ आणि मेलेल्यावर पेन्सिलीने फुली मारायची, फुलीचं अंडं बादलीत. हे सगळं पापणी लवायच्या आत. आणि ज्याचं धड कळत नाही त्याचं काय? तेही बादलीत. एक कुजकं अंडं आत फुटलं तर सगळा ट्रे नासतो. माझ्याकडे कामाला लागलेल्या प्रत्येक बाईला पहिल्या दिवशी मी एकच वाक्य पाठ करायला लावते: शंका म्हणजे फुली.

सूनबाईचे दिवस भरले. तिला मी मनातल्या मनात घुमी म्हणते. तोंडाने म्हटलं तरी ती उत्तर देणार नाही, म्हणूनच म्हणते. सकाळी स्वतःच्या पायांनी दवाखान्यात चालत गेली आणि दुपारी आत काहीतरी बिनसलं. पोर बाहेर यायच्या आधीच वार सुटली, असं सांगितलं. पोटातल्या पोराचा श्वास त्या वारेतून येतो, तो रस्ताच बंद झाला. घाईघाईने पोट कापून मुलगी काढली तर ती निळी आणि गप्प. रडायला तिने दहा मिनिटं घेतली. रडणंही कसलं, गंजलेलं दार करकरावं तसं.

बाळांचा डॉक्टर बाहेर आला. टक्कल पडलेला, डोळ्यांखाली पिशव्या, बोलणं मोजून. माझा थोरला, पोरीचा बाप, फाइल छातीशी धरून उभा होता, जशी काय पोर त्या फाइलीतच आहे.

"मेंदूला प्राणवायू कमी पडलाय," डॉक्टर म्हणाला. "किती नुकसान झालंय ते आज कळणार नाही. तीन दिवस तिला गार गादीवर ठेवू, साडेतेहतीस अंशावर. मेंदू गार राहिला की आतली पडझड कमी होते."

"गार?" मी म्हटलं. "अहो, अख्खा जन्म मी ऊब देऊन जीव बाहेर काढला, आणि तुम्ही गारठवून जगवणार?"

"हो, आजी."

झालं. नुसतं 'हो, आजी'. भांडायलाही समोर माणूस तोलामोलाचा लागतो.

बाळांच्या खोलीला मोठी काच आहे. काचेच्या अलीकडे नळ, साबण आणि 'कोपरापर्यंत हात धुवा' अशी पाटी. काचेतून बघितलं तर माझी नात एका उघड्या पेटीत, अंगावर नुसता लंगोट, खाली पाण्याची गार गादी, नाकात नळी. कातडीचा रंग फ्रीजमधून काढलेल्या लोण्यासारखा. तेवढ्यात सोनोग्राफीवाली डॉक्टरीण तिचं चाकांचं मशीन ढकलत आली. पोरगेलीच, वेणीला रबर, पायात दोन वेगवेगळे मोजे. तिने चिकट पाण्याची बाटली आधी बराच वेळ मुठीत धरून कोमट केली, मग बाळाच्या टाळूवर एक थेंब टाकला आणि त्यावर बोटाएवढा ठोकळा ठेवला.

सिस्टरने मला सांगितलं, हाडातून आतलं दिसत नाही, टाळू अजून मऊ असते, तेवढीच एक खिडकी.

म्हणजे माझी पेटीच की! भोक आणि भोकातून आत बघणं. मला जरा धीर आला. म्हटलं, हे काम आपल्या ओळखीचं आहे. पडद्यावर राखाडी धुकं होतं, त्यात ती ठोकळा इकडे तिरका करी, तिकडे तिरका करी, थांबे, पुन्हा बघे. इतका वेळ लावला की माझे चार ट्रे बघून झाले असते.

ती बाहेर आल्यावर मी रस्ता अडवला. "काय, बाई? चांगलं की वाईट?"

"उद्या परत बघते."

"आज काय दिसलं ते सांगा की."

"थोडी सूज आहे. त्यावरून इतक्यात काही म्हणता येत नाही."

"अहो, एक डोकं बघायला अर्धा तास, आणि वर म्हणता येत नाही? माझ्याकडे असतात तर पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं तुम्हाला."

"मग बरंय, तुमच्याकडे नाही ते," ती म्हणाली आणि मशीन ढकलत गेली. आवाज चढवला नाही, मान वळवली नाही. मी थोरल्याला म्हटलं, "बघ. येत नाही काही, आणि तोरा केवढा."

दुसऱ्या दिवशी जावईबापू उगवले. कोट, गळ्यात ओळखपत्र, बगलेत चकचकीत माहितीपत्रक. ते सोनोग्राफीचं मशीन त्यांच्या कंपनीचं, म्हणून 'सेटिंग बघतो' असं सांगून गृहस्थ थेट काचेच्या आत. ज्या खोलीत बापाला हात धुऊन, टोपी घालून, श्वास आवरून जावं लागतं, तिथं हा कोटाची बटणं लावत गेला. पंधरा मिनिटांनी बाहेर आला तो तोंड पाडून. पण पाडलेल्या तोंडाच्या कडेलाही एक समाधान असतं, बातमी आपल्याला आधी कळल्याचं. ते मला तेव्हा दिसलं नाही. आता दिसतं.

"आई," तो हळू आवाजात म्हणाला, "आकडा पाहिला मी. पॉइंट पन्नास."

"कसला आकडा?"

"मेंदूच्या नसेत रक्त कसं वाहतंय, त्याचा. पॉइंट पंचावन्नच्या खाली गेला की..." त्याने नुसता तळहात पालथा केला. "तक्ता आहे आमच्या माहितीपत्रकात. पान सहा."

"ती बाई तर काहीच बोलली नाही."

"त्या कशाला बोलतील? बोललं की अंगाशी येतं, आई. खरं सांगायला आपलंच माणूस लागतं."

मी पान सहा बघितलं. आकड्यांच्या दोन रांगा, एक हिरवी, एक लाल. पॉइंट पन्नास लाल रांगेत. मला अक्षरं सावकाश वाचता येतात, पण लाल रंग लगेच वाचता येतो. मनातल्या मनात पेन्सिल काढली आणि फुली मारली.

मग मी जे केलं ते नीट सांगते.

आधी थोरल्याला गाठलं. डॉक्टर म्हणाला होता की तिसऱ्या दिवशी दुपारी घरच्यांशी बोलायचंय, पुढचे उपचार कुठवर न्यायचे त्यावर. मी म्हटलं, "उद्या विचारतील तेव्हा सांग, ओढत बसू नका. आहे ते सुखाने होऊ द्या."

थोरल्याचे डोळे भरले. "पण आई, सकाळी तिने माझं बोट धरलं होतं."

"मेलेलं पिल्लूही अंडं हलवलं की हलतं," मी म्हटलं.

हे वाक्य माझं. परत घेता येत नाही, म्हणून निदान लपवत नाही.

मग जिना चढून घुमीच्या खोलीत. ती उशीला टेकून बसली होती, मांडीवर दूध काढायचा पंप. अजून पिवळट थेंबच येत होते, ते ती चिमुकल्या बाटलीत जमवत होती.

"ते बंद कर आता."

"आई, सिस्टर म्हणाल्या दर तीन तासांनी काढायचं. नळीने तिलाच देतील."

"सिस्टरला पगार मिळतो ते सांगायचा. आकडा आलाय तिचा. लाल रांगेत आहे. तू जितकी अडकशील तितकी सोलून निघशील, पोरी. आत्ताच सोड."

माझ्या पिशवीत जुन्या सुती चादरीची पट्टी होती, येतानाच फाडून आणली होती. मी तिला हात वर करायला सांगितले. तिने केले. छातीभोवती तीन वेढे दिले, पाठीमागे गाठ मारली. दूध आटवायला दुसरं काही लागत नाही, दोन दिवस घट्ट बांधलं की संपतं. टाक्यांवर ताण आला तशी ती ओठ चावून बसली.

गाठ मारून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "आकडा सोनोग्राफीच्या बाईंनी सांगितला?"

"जावईबापूंनी."

"बरं," ती म्हणाली.

घुमीचं 'बरं' म्हणजे होकार, असं मी सात वर्षं समजत आले. सात वर्षं एक अंडं माझ्या घरात होतं आणि ते एकदाही मी उजेडावर धरलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी हॅचरीवर गेले. दुपारी थोरला डॉक्टरशी बोलणार, तोवर हात रिकामे नकोत म्हणून. अंधाऱ्या खोलीत शिट्टी पेटीवर बसली होती. ही माझी सगळ्यात जुनी कामवाली. काम करताना दातांच्या फटीतून शिट्टी वाजवते, म्हणून नाव तेच. पण त्या दिवशी शिट्टी बंद आणि बादली निम्मी भरलेली.

"शिट्टे, एवढी फुली कसली?"

"अहो मोठीबाई, सातवा दिवस आज, आणि दोरेच नाहीत धड. निम्मा माल वायाच म्हणायचा."

मी तिच्या हातातलं अंडं घेतलं, भोकावर धरलं. दोरे होते. बारीक, फिकट, पाचव्या दिवशी असतात तसे. ठिपका होता, पण हलतोय की माझाच हात हलतोय ते कळेना.

"कुठल्या मशीनची ही?"

"चौथ्या."

"अगं बिनडोके!" माझा आवाज पत्र्याला लागून परत आला. "गेल्या आठवड्यात चौथ्याचा हीटर जळला होता ना? दीड दिवस गारठली होती ना ही? गार पडलेलं अंडं मरत नाही, मागं राहतं. उबेतल्या अंड्यांची तारीख त्याला लावायची नसते. पुन्हा उबेत ठेवायचं, दोन दिवस थांबायचं आणि मग बघायचं. किती वर्षं झाली तुला इथं?"

"तुमच्याएवढीच," शिट्टी म्हणाली. "पण तुम्हीच म्हणता ना, शंका म्हणजे फुली?"

"अगं, शंका अंड्यात नाहीये, शंका तुझ्या त्या..."

आणि जीभ तिथंच थांबली.

शिट्टीला वाटलं मला घेरी आली. तिने स्टूल पुढं सारलं. मी बसले नाही. अंडं हातात तसंच होतं, पेटीच्या भोकातून दिव्याचा उजेड छताला लागला होता. गार पडलेल्याला उबेतल्याची तारीख. हे मला माहीत होतं. मी दुसऱ्यांना शिकवलं होतं. काचेच्या पलीकडे गार गादीवर लोण्याच्या रंगाची पोर बघत होते आणि तिला पान सहा लावत होते. ज्या जावयाला साधं उकडलेलं अंडं सोलता येत नाही, त्याच्या माहितीपत्रकाचं पान सहा.

"ट्रे परत आत ठेव," मी शिट्टीला सांगितलं.

"आणि बादलीतली?"

"बादलीतली गेली ती गेली."

पिल्लं पोचवायचा टेम्पो दारात उभा होता. त्यात पुढं बसले आणि चालकाला म्हटलं, दवाखाना. दारावरचा रखवालदार मला आत सोडेना. "आजी, आधी पिसं झटका अंगावरची," म्हणाला. एरवी त्याची सात पिढ्यांची हजामत केली असती. त्या दिवशी मी गुपचूप पिसं झटकली.

वरच्या बोळात सोनोग्राफीवाली भेटली, मशीनची वायर गुंडाळत होती.

"बाई, तुमच्या मशीनवर नसेचा आकडा येतो."

"येतो."

"पॉइंट पंचावन्नचा तक्ता असतो."

तिचा हात थांबला. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ते सोडा. मला एवढंच सांगा, तो तक्ता ज्या पोरांवरून केलाय, ती पोरं गार गादीवरची होती की उबेतली?"

तिने मला पहिल्यांदा नीट बघितलं. केसांत एखादं पीस असेलही.

"उबेतली," ती म्हणाली. "गार गादी यायच्या आधीच्या काळातला आहे तो."

"मग गार पोराला तो लावायचा नाही."

"त्यावर भिस्त ठेवायची नाही. गार असताना रक्त वेगळं वाहतं. मी उद्या ती गरम झाली की बघणार आहे, आणि मग पाचव्या दिवशी. मेंदूत मार बसला असेल तिथं पांढरं दिसतं, पण तेही पहिल्या दिवशी दिसत नाही, दोन-तीन दिवस जावे लागतात. म्हणून आकडा वाईट म्हणून आत्ता रडायचं नाही, आणि पांढरं दिसत नाही म्हणून हसायचंही नाही."

"मग हे परवाच बोलायला तुमच्या तोंडाला काय झालं होतं?"

"तुम्ही 'चांगलं की वाईट' एवढंच विचारलंत. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं." वायरचं शेवटचं टोक तिने खोचलं. "आजही नाहीये."

'नाहीये.' लाज नाही, शरम नाही, सरळ 'नाहीये' म्हणाली. हा शब्द कामवाल्या बायांसमोर मी एकदाही तोंडातून काढला नव्हता. मी तिला येत नाही असं ठरवून बसले होते, आणि तिला एवढं येत होतं की कुठं थांबायचं तेही येत होतं. ते मला पेटीवर इतकी वर्षं बसून आलं नाही.

थोरला बाकावर बसलेला दिसला. हातात फाइल नव्हती.

"बोललास डॉक्टरशी?"

"नाही."

"हुश्श. चल, ऊठ. मी सांगते त्यांना. पाचव्या दिवसापर्यंत..."

"झालं बोलणं, आई. ती बोलली."

"कोण ती?"

"माझी बायको. सकाळीच. चाकाच्या खुर्चीत बसून खाली आली, माझ्या हातातून फाइल घेतली, म्हणाली, तू बस, मी बोलते. डॉक्टरांना म्हणाली, पाचव्या दिवसाच्या आत मला कुणी काही विचारू नका, आणि माझ्याशिवाय दुसऱ्या कुणालाच विचारू नका. सगळं चालू ठेवा. मग सही केली."

"आणि तू?"

"मी बसलो."

"तेवढं तुला जन्मापासून छान जमतं," मी म्हटलं. म्हटल्यावर कळलं, कालचं माझं ऐकून तो डॉक्टरकडे गेला असता तर? बसला तेच बरं झालं.

उरली होती छाती. पट्टी बांधून एक दिवस उलटला होता. जिना चढताना मी हिशेब करत होते, अजून पुरतं आटलं नसेल, कोमट पाण्याने शेकलं तर येईल परत. घुमीची खाट रिकामी. सिस्टर म्हणाली, दुधाच्या खोलीत आहेत.

दुधाची खोली म्हणजे एक खिडकी, दोन खुर्च्या आणि एक फ्रीज. घुमी पंप लावून बसली होती. पंप आपला घर्र-थांब, घर्र-थांब करत होता. शेजारी ट्रेमध्ये चिमुकल्या बाटल्या रांगेने, प्रत्येकीवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर पेन्सिलीने वेळ. पहिलीच्या तळाशी जेमतेम चमचाभर. शेवटची पाऊण भरलेली. माझी चादरीची पट्टी घडी करून तिने कोपराखाली टेकू म्हणून घेतली होती.

मी बाटल्यांवरच्या वेळा वाचल्या. सावकाश वाचते मी, पण वाचल्या.

"कधीपासून काढतेयस?"

"तुम्ही जिना उतरलात तेव्हापासून."

'चुकलं माझं' हे दोन शब्द माझ्या तोंडात कधी राहिलेच नाहीत, त्यांना तिथली वाट माहीत नाही. म्हणून मी म्हटलं, "तशी गाठ मी सैलच मारली होती."

"नाही, आई," ती पंपाकडेच बघत म्हणाली. "घट्ट होती. सिस्टरना कात्रीने कापावी लागली."

पाचव्या दिवशी सगळे काचेजवळ. चौथ्या दिवसभरात तिला हळूहळू, तासाला अर्धा अंश अशी, उबेत आणली होती. आता रंग माणसाच्या पोरासारखा. सोनोग्राफीवालीने बाटली मुठीत धरून कोमट केली, थेंब टाकला, ठोकळा ठेवला. घुमी आत, खुर्चीत. मी, थोरला आणि जावईबापू बाहेर. मी वेळ मोजला नाही. जितका लागेल तितका लागू दे म्हटलं.

ती बाहेर आली. या वेळी मी रस्ता अडवला नाही, तीच माझ्यासमोर थांबली. घुमी तिच्या मागं.

"आकडा आता बरा आहे," ती म्हणाली. "अगदी मध्यभागी पांढरं पडलं तर फार वाईट असतं. तिथं पडलेलं नाही. डावीकडे कडेला थोडं आहे. कडेचं या मशीनला नीट दिसत नाही, त्यासाठी मोठ्या मशीनमध्ये घालावं लागेल. उजवा हात-पाय थोडा ढिला राहील, किंवा राहणारही नाही. बसते कधी, धरते कसं, हे बघत राहायचं. वर्ष, दीड वर्ष."

"पण नेमका आकडा किती आला?" जावईबापू पुढं सरकले. बगलेत माहितीपत्रक.

"जावईबापू," मी म्हटलं, "पान सहा फाडा आणि माझ्याकडे पाठवून द्या. पिल्लांच्या खोक्यात खाली अंथरायला कागद कमी पडतोय."

थोरला हसला. बापाच्या माघारी माझ्यासमोर एवढ्या मोठ्याने तो पहिल्यांदाच हसला असेल.

मी सोनोग्राफीवालीला म्हटलं, "म्हणजे शंका."

"हो. शंका," ती म्हणाली. आणि मशीन ढकलत गेली. आज मोजे एकसारखे होते.

सिस्टरने हाक मारली. पहिलं दूध द्यायचं होतं, दोन मिलि, नाकातल्या नळीतून. वरून पिचकारी धरायची, दूध आपल्या वजनानं उतरतं, दाबायचं नसतं. "आईबरोबर एक जण चालेल," ती म्हणाली.

एक जण म्हणजे कोण, हे विचारायची या घरात पद्धत नाही. मी नळाकडे गेले. अंगठी काढून पदराला बांधली, साबण लावला, कोपरापर्यंत, बोटांच्या बेचक्यात, नखांत. कोपरं खाली आणि हात वर धरून पाणी निथळू दिलं, पाटीवर दाखवलंय तसं. वळले तर दारात घुमी उभी.

"तुम्ही आज नको, आई."

"का? हात नीट धुतलेत. बघ."

"हात नाही." एवढं बोलायची तिला सवय नाही, पण अडखळली मात्र नाही. "तुम्ही बघायला लागलात की निकालच लावता. आज तिला नुसतं दूध पिऊ द्या."

"मग कोण येणार?"

"हे येतील."

"तो? त्याला काय कळतंय?"

"काही नाही," घुमी म्हणाली. "नुसते बसतील. तेवढंच हवंय."

थोरला नळावर आला. मनगटापर्यंतच धुऊन निघाला होता. मीच म्हटलं, "कोपरापर्यंत, गाढवा." तो परत फिरला. मग दोघं आत गेली आणि दार मिटलं.

मी हात वर धरून तशीच उभी राहिले. पाणी कोपरावरून टपटप खाली.

जावईबापू दोन कप चहा घेऊन आले. पडतं घ्यायचं असलं की हा चहा आणतो, एवढं मात्र त्याचं बरं आहे. "घ्या, आई."

"हात धुतलेत माझे."

"पण आत तर बोलावलं नाही ना तुम्हाला?"

"बोलावतील तेव्हा पुन्हा धुवायला वेळ जायला नको," मी म्हटलं. "तुम्ही प्या दोन्ही."

काचेतून थोरल्याची पाठ दिसत होती. त्याने पिचकारी वर धरली होती, जरा जास्तच वर. दूध उतरतंय की नाही ते इथून दिसेना. मी डोळे बारीक केले, मान तिरकी केली, पेटीवर करते तशी.

मग मान सरळ केली.